दादाची पेटी

यंत्राचें आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाचें सहसा जमत नाहीं, असा एक समज आहे. हा समज खोटा पाडण्याची जबाबदारी आपल्यावरच येऊन पडली आहे असें आमच्या पेशांतील कांहीं लोकांना उगाच वाटत असतें. त्यांपैकीं मी एक. घरांत एखादा दिवा लागेनासा झाला तर मी वायरमनला बोलावीत नाहीं. प्रथम त्या विषयावर काय लिहिलें गेलें आहे तें वाचतों. माझें वाचन संपेपर्यंत आमच्या कुटुंबानें शेजारच्या मुलाकडून दिवा लावून घेतलेला असतो, आणि मग मी त्या उजेडांत उरलेलें प्रकरण वाचतों. यांत आजवर कोणाचें नुकसान झालें नव्हतें. परंतु दोन वर्षांपूर्वीं माझ्या हातून जो अपराध घडला त्याला हें पुस्तकी ज्ञानच कारण झालें. त्यांतला दुःखाचा भाग असा कीं छापलेला आंकडा खरा होता. मींच तो उलटा वाचला.

आमच्या घरीं एक ॲम्प्लिफायर आहे. आई त्याला 'दादाची पेटी' म्हणते, त्यामुळें नवख्या पाहुण्याला वाटतें कीं या घरांत कोणी हार्मोनियम वाजवितो. दादा म्हणजे माझा वडील भाऊ. त्यानें ती पेटी १९८४ सालीं स्वतःच्या हातानें केली. तो तेव्हां एकवीस वर्षांचा होता आणि मी पंधरा. त्या वर्षाच्या मे महिन्यांत भिवंडींत दंगल उसळली आणि गांवांत संचारबंदी लागली. जन्मापासून मागांच्या खडखडाटांत वाढलेल्या माणसाला तो खडखडाट ऐकूंच येत नाहीं. तो थांबला म्हणजे मात्र कानांत कांहीं तरी टोंचूं लागतें. ते दिवस तसे होते. माग बंद, रस्ते बंद, खिडक्या बंद. वडील खालीं रेडिओला कान लावून बसत आणि दादा माडीवर बसून डाख देत असे. डाख देतांना राळ जळते. तिचा तो गोडसर उग्र वास मला अजूनही कोठें आला तर त्या उन्हाळ्यांतली भीति आणि ती माडी एकदम आठवतात.

सामान त्यानें महिनाभर आधींच मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून आणून ठेवलें होतें. (त्या रस्त्याला डॉक्टर भडकमकरांचें नांव मिळून किती तरी वर्षें झालीं, पण ज्याला ट्रान्झिस्टर हवा असतो त्याच्या तोंडून जुनेंच नांव निघतें.) पत्र्याच्या लहान टोप्यांसारखे दिसणारे २ एन ३०५५ जातीचे चार ट्रान्झिस्टर, तें त्या सामानांतलें वैभव. त्या काळीं घरीं ॲम्प्लिफायर करणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आंकडा पाढ्यासारखा पाठ असे. राहिला होता तो फक्त ट्रान्सफॉर्मर. तो दादाचा एक मित्र गुंडाळून देणार होता. मित्राच्या घरचा धंदा मागांच्या मोटारी गुंडाळण्याचा. मोटार जळली कीं जुनी तार काढून नवी तार भरावयाची, हें काम भिवंडींत कधीं संपत नाहीं. घराणें कोंकणी मुसलमानांचें, त्यामुळें त्यांच्या घरांतली बोली आमच्या आळींतल्या बोलीहून फार लांबची नव्हती. पण त्या मे महिन्यांत त्यांचा मोहल्ला आणि आमची आळी यांच्यामधलें अंतर कोणालाच मोजतां येत नव्हतें. तो कसा आहे, आहे कीं नाहीं, हेंही आम्हांला कळेना. संचारबंदी कांहीं तासांपुरती उठूं लागली तेव्हां एके दिवशीं तो सायकलवरून आला. कॅरियरला पोत्यांत बांधलेला ट्रान्सफॉर्मर होता. आईनें त्याला कांहींच विचारलें नाहीं. चहा दिला, आणि तो पीत असतांना त्याच्या डोक्यावरून एकदां हात फिरविला.

दादा जाऊन आतां बावीस वर्षें झालीं. त्याचे कपडे वांटून टाकले, पुस्तकें वाळवीनें नेलीं. पेटी मात्र चालत राहिली. तिला जोडलेले दोन मोठे स्पीकर आमच्याच आळींतल्या सुतारानें केलेल्या खोक्यांत बसविलेले. कागदी कोनाचे, आठ ओहमचे. रोज संध्याकाळीं दिवा लावून झाला कीं आई त्या पेटीवर हिराबाई बडोदेकरांची एखादी तबकडी ऐकते. आईचें वय चौऱ्याऐंशी. ती गाणें ऐकते कीं पेटी ऐकते, हें मीं कधीं विचारलें नाहीं.

आतां माझा अपराध. साठीकडे झुकलेल्या माणसाला एक तर तीर्थयात्रेची तरी इच्छा होते, नाहीं तर चांगल्या स्पीकरची. मला दुसरी झाली. भिवंडींत राहून उत्तम संगीत घरांत ऐकण्याचा नाद धरणें म्हणजे गिरणींत बसून गीता वाचण्यासारखेंच आहे. तरीही मीं चार महिने त्या विषयावर वाचन केलें आणि एक लहानशी देखणी जोडी मागविली. परदेशांत बनलेली ती जोडी शेवटीं निघाली ती आमच्याच माणकोलीजवळच्या एका गोदामांतून. साऱ्या देशाचा माल हल्लीं तेथें येऊन पडतो. खोक्याच्या पाठीवर लिहिलें होतें: चार ओहम, ८७ डेसिबल.

मीं विचार केला तो असा. दादाच्या पेटीवर त्याच्याच अक्षरांत 'आठ ओहम' असें लिहिलेलें आहे. आठापेक्षां चार लहान. जी पेटी आठांचा भार उचलते तिला चारांचा भार म्हणजे फुलासारखा. उलट म्हाताऱ्या यंत्राला थोडी विश्रांतिच मिळेल! तर्कशास्त्राचा तास घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यालाही यांत दोष दिसला नसता.

तबकडी लावली. आवाज स्वच्छ होता, पण लहान. शेजारच्या मागांच्या आवाजांत बुडून जात होता. मीं बटण थोडें फिरविलें, मग आणखी थोडें. पूर्वीं जें बटण घड्याळांतल्या नवाच्या जागेवर असे तें बारापर्यंत गेलें, मग एकपर्यंत. अर्ध्या तासानें हिराबाईंच्या आवाजाला, ज्या आवाजांत कधीं कोणाला खडा सांपडला नाहीं त्या आवाजाला, कांठावर खरखर येऊं लागली. मीं तो दोष तबकडीच्या वयावर ढकलला. नंतर एका बाजूचें गाणें थांबलें, आणि खोलींत वास पसरला.

दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीला आईनें विचारलें, "पेटी कां लावली नाहींस?"

"सुई झिजली आहे," मीं सांगितलें.

"मग नवी आण."

छप्पन्न वर्षांच्या माणसानें चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईशीं खोटें बोलावें आणि तेंही इतकें दुबळें, याची मला लाज वाटली. परंतु लाज वाटली म्हणून खरें बोलवलें नाहीं. आठ दिवस ती सुई मुंबईहून येतच राहिली.

शेवटीं मीं पेटी चादरींत गुंडाळली आणि दादाच्या त्या मित्राच्या दुकानीं घेऊन गेलों. आम्ही सारे त्यांना भाई म्हणतों. दुकान तेंच; जळलेल्या तांब्याचा आणि वार्निशचा वास तोच; भाईंची दाढी तेवढी पांढरी झाली आहे. त्यांनीं वरचें झांकण काढलें. जळलेल्या भागाकडे पाहिलेंच नाहीं. ट्रान्सफॉर्मरवर बोटें ठेवून ते म्हणाले, "हा माझा आहे."

मग त्यांनीं स्पीकर कोणता लावला होता तें विचारलें. मीं सांगितलें, आणि माझा चार-आठांचा सिद्धान्तही सांगितला. भाईंनीं तो शांतपणें ऐकून घेतला. "प्रोफेसर," ते म्हणाले, "ओहम म्हणजे ओझें नव्हे, अडवणूक. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच जागीं शेजारीं शेजारीं जोडले कीं किती होतात? चार होतात. चार म्हणजे एका तारेवर दोन माग. तूं मागाचा भार दुप्पट केलास आणि म्हणतोस अर्धा केला."

त्यांच्या टेबलावर बिलाचें पुस्तक होतें. त्याच्या पाठीवर त्यांनीं हिशेब मांडला. दादाची पेटी स्पीकरला फार तर १६ व्होल्ट देऊं शकते. अडवणूक आठांची असेल तर त्या १६ व्होल्टांनीं २ अँपिअर प्रवाह वाहतो आणि शक्ति होते ३२ वॉट. अडवणूक चारांवर आणली कीं तेच १६ व्होल्ट ४ अँपिअर मागतात. कागदावर ६४ वॉट. "हे ४ अँपिअर द्यावयाचे कोणीं? मीं गुंडाळलेली ही तार मला ठाऊक आहे. ती दोन मागांची नाहीं. तिनें मान टाकली, ट्रान्झिस्टर तापले, आणि एक जोडी गेली." शिवाय पाठीवर लिहिलेला आंकडा हा सरासरीचा, खालच्या-वरच्या सुरांप्रमाणें अडवणूक बदलत जाते. आठ म्हणविणारा स्पीकर एखाद्या खालच्या स्वराला तीस-चाळीसपर्यंत चढतो आणि दुसरीकडे सहापर्यंत उतरतो. चार म्हणविणारा तीनपर्यंतही घसरतो.

दुसरा आंकडा, तो ८७ डेसिबलचा, मला घरीं येऊन उमगला, आणि त्यांतली मेख पाहून मला एखाद्या धूर्त वकिलाचें कौतुक वाटावें तसें वाटलें. एका वॉटची शक्ति दिली असतां एक मीटरवर स्पीकर किती मोठ्यानें बोलतो, त्याचें हें माप. आमचे जुने सुताराचे ढोल ९० डेसिबलचे. तीन डेसिबलांचा फरक म्हणजे दिसावयास किरकोळ. पण दर तीन डेसिबलांना शक्ति दुप्पट लागते. आणि मेख ती पुढेंच. हल्लीं हें माप पुष्कळदां एका वॉटावर घेत नाहींत, २.८३ व्होल्टांवर घेतात. आठ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट. चार ओहमवर मात्र तेच दोन वॉट होतात. म्हणजे माझे नवे पाहुणे दोन घांस खाऊन एका घांसाची पावती देत होते! खऱ्या हिशेबानें त्यांचें माप ८४. जुन्यांशीं फरक सहा डेसिबलांचा, म्हणजे चौपट शक्तीचा. चाळीस वर्षांच्या पेटीकडून मीं मागांच्या खडखडाटावर मात करण्याकरितां चौपट शक्ति मागितली, आणि तीही दुप्पट भारावर. तिनें अर्धा तास ती देण्याचा प्रयत्न केला, हेंच नवल.

कांठावर आलेल्या त्या खरखरीचा अर्थही मला तेव्हांच लागला. ॲम्प्लिफायरची ताकद संपली म्हणजे तो थांबत नाहीं. स्वराच्या लाटांचे माथे छाटूं लागतो. छाटलेल्या लाटेंत वरच्या पट्टीची शक्ति प्रमाणाबाहेर वाढते आणि ती सारी त्या बिचाऱ्या लहान स्पीकरवर, ट्वीटरवर, येऊन पडते. म्हणून कमी ताकदीच्या यंत्रानें मोठे स्पीकरही जळतात. लोकांना वाटतें जास्त ताकदीनें जळले.

या सर्व प्रकाराला इंग्रजींत जो 'मॅचिंग' असा शब्द आहे, त्यानेंही माझ्यासारख्या भाषेच्या माणसाचा घात केला आहे. आपण ऐकतों 'जुळविणें' आणि आपल्या डोळ्यांपुढें येते पत्रिका. दोन्हीकडचे गुण सारखे हवेत, असें वाटूं लागतें. दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या जुन्या इंजिनियरांचें तसेंच होतें. पाठविणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अडवणूक सारखी असावी, म्हणजे शक्ति पुरेपूर पोंचते, हा त्यांचा नियम. काचेच्या व्हॉल्व्हांच्या काळींही ॲम्प्लिफायरच्या पाठीवर चार, आठ, सोळा अशा निरनिराळ्या खुंट्या असत आणि स्पीकर पाहून खुंटी निवडावी लागे. १९२५ सालीं राइस आणि केलॉग या दोघां अमेरिकन संशोधकांनीं आजच्या घडणीचा स्पीकर जगापुढें मांडला; १९४७ सालीं विल्यमसन यानें 'वायरलेस वर्ल्ड' या लंडनच्या मासिकांत आपल्या ॲम्प्लिफायरची रचना दिली आणि देशोदेशींचे हौशी लोक तो घरीं करूं लागले. या बावीस वर्षांत घरांतलें गाणें ओळखूं न येण्याइतकें सुधारलें. परंतु ट्रान्झिस्टर आले आणि जुळविण्याचा अर्थच फिरला. चांगल्या ॲम्प्लिफायरची स्वतःची आंतली अडवणूक ओहमच्या अगदीं लहानशा अंशाइतकी, आणि स्पीकरची आठ. दोघांत साम्य असें कांहींच नाहीं, आणि नसावें हेंच इष्ट.

एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेनें अंतराळांत जीं दोन व्हॉयेजर यानें सोडलीं, त्यांवरच्या सोनेरी तबकडींत आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडीबरोबर ती वाजविण्याची सुईही पाठविली आहे. ॲम्प्लिफायर पाठविला नाहीं, स्पीकर पाठविला नाहीं. कोणत्या तरी ताऱ्याजवळ कोणी तरी पुस्तकी माणूस आपल्या घरचे स्पीकर त्या सुईला जोडील, तेव्हां त्यानें पाठीवरचा आंकडा उलटा वाचूं नये, एवढीच माझी इच्छा आहे.

नवे ट्रान्झिस्टर मिळविणें सोपें गेलें नाहीं. २ एन ३०५५ अजून बनतात, पण नांव तेंच छापून आंत भलतेंच भरलेले नकलीही बाजारांत पुष्कळ. भाईंनीं सहा आणविले, तपासले, आणि त्यांतले तीन बाजूला फेंकले. माझे नवे स्पीकर मात्र वांचले होते. कसे वांचले हें मीं विचारल्यावर भाईंनीं पेटींतला एक जाडजूड कपॅसिटर दाखविला. ट्रान्झिस्टर जळून आंतला सरळ प्रवाह एकदम बाहेर धांवला असतां तो स्पीकरपर्यंत पोंचूं नये म्हणून दादानें तो वाटेंत बसविला होता. हल्लींच्या बहुतेक रचनांत तो नसतो; त्याचें काम दुसऱ्या युक्तीनें करतात. ज्या वस्तु मीं त्याच्या पेटीच्या छाताडावर आणून बसविल्या, त्यांचें रक्षण त्यानेंच करून ठेवलें होतें. हें ऐकल्यावर दुकानांत थोडा वेळ मला कोठें पाहावें तें सुचेना.

त्या संध्याकाळीं मीं आईला सर्व सांगितलें. सुई झिजली नव्हती, दादाची पेटी मीं जाळली, आणि आतां भाईंनीं ती नीट केली आहे. पण आंतली एक जोडी दादाच्या हातची राहिली नाहीं.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "त्या दिवशीं वास आला होता. तो माडीवर करीत असे, तेव्हांही असाच वास यायचा." मग थोड्या वेळानें, "सुईचें मात्र तूं फार दिवस ताणलेंस."

पेटी बसविण्याकरितां भाई स्वतः आले. आमच्या घरीं ते कितीक वर्षांनीं येत होते. जुने आठ ओहमचे ढोल पुन्हां जागेवर आले. नव्या जोडीसाठीं पुढें मागें दुसरा ॲम्प्लिफायर पाहूं, असें ठरलें. भाईंनीं मीं टाकलेली वीस फूट लांबीची बारीक दोरीसारखी तार पाहिली आणि कांहीं न बोलतां ती उपटून आपल्याजवळची जाड तार टाकली. यावर मला शंका आली, कारण एवढ्याशा तारेंत अडून अडून किती अडणार? त्यांनीं उत्तर दिलें तें मोटारीचें. लोहचुंबकाची लहानशी मोटार फिरत असतांना वीज तोडून तिचीं दोन टोकें एकमेकांना जोडलीं, तर ती ओढल्यासारखी थांबते. टोकें मोकळीं सोडलीं तर भोंवत राहते. स्पीकरही तसाच. धक्का दिल्यावर त्याचा कोन आपल्याच नादांत हलत राहूं पाहतो, आणि ॲम्प्लिफायरच्या आंतली अडवणूक जितकी कमी तितका तो त्याला आवरून धरतो. मध्यें बारीक तार घातली कीं लगाम ढिला. मला हें शब्दांनीं पटलें त्याहून डग्ग्यानें अधिक पटलें. जुन्या तारेवर डग्ग्याचा घुमारा रजई अंगावर घेतल्यासारखा पसरत असे. आतां तबलजीचें मनगट पुढें सरकतांना ऐकूं येत होतें, आणि घुमारा जेथें त्यानें थांबविला तेथेंच थांबत होता.

आई आपल्या खुर्चींत बसून ऐकत होती. तिनें भाईंना चहा दिला. ते आतां आजोबा आहेत, डोक्यावर टोपी आहे. तरी कप परत घेतांना तिचा हात त्या टोपीवर थोडा टेकलाच.

जातांना भाईंनीं आवाजाचें बटण नवाच्या जागेवर आणून ठेवलें आणि कानामागची पेन्सिल काढून तेथें पत्र्यावर एक रेघ ओढली. "याच्या पुढें नाहीं," ते मला म्हणाले.

ती रेघ अजून आहे. मी तिच्या पुढें जात नाहीं. परंतु शेजारचे माग सुट्टीला बंद असले, सारी आळी शांत असली, तरीही तबकडी निम्मी झाली कीं आई मान वळवून म्हणते, "जरा वाढव रे."